अहिफेनसात्म्य : निदान, पादांशिक क्रम आणि आपल्या कपाटातील औषधे

प्रास्ताविक

अफूचे व्यसन म्हटले की गर्द, ब्राऊन शुगर आणि त्याभोवतीचे गुन्हेगारी विश्व डोळ्यांसमोर उभे राहते. अशा रुग्णाचा आपल्या चिकित्सालयाशी संबंध नाही, अशी अनेक वैद्यांची समजूत असते. वस्तुस्थिती निराळी आहे. अहिफेन हे आपल्या भैषज्यसंग्रहातील द्रव्य आहे आणि अहिफेनयुक्त कल्प आयुर्वेदीय औषधालयांतूनच विकले जातात. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर रात्री वाहन चालविणारा चालक, वसई-नालासोपाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत दोन पाळ्या करणारा कामगार, किंवा शीघ्रपतनाच्या तक्रारीवर परस्पर गोळ्या घेणारा तरुण, हे अहिफेनसात्म्याचे रुग्ण असू शकतात. ते ‘व्यसन सोडवा’ असे म्हणत येत नाहीत. अतिसार, अनिद्रा, अंगमर्द किंवा ‘ती गोळी संपली’ अशी तक्रार घेऊन येतात.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ संस्थेने केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार १० ते ७५ वयोगटातील सुमारे २.१ टक्के, म्हणजे २ कोटी २६ लाख भारतीय कोणत्या ना कोणत्या स्वरूपात अफूवर्गीय द्रव्ये घेत होते. निव्वळ अफू (डोडा, भुकी यांसह) घेणाऱ्यांचे प्रमाण ०.५२ टक्के होते. उपचारांची गरज असलेल्या सुमारे ७७ लाखांपैकी निम्म्याहून अधिक ज्या मोजक्या राज्यांत आढळले, त्यांत महाराष्ट्राचाही समावेश आहे. म्हणून प्रस्तुत लेखात अहिफेनसात्म्य ओळखावे कसे, त्याचा त्याग कोणत्या क्रमाने करवावा आणि रुग्ण आपल्या हातून केव्हा पुढे पाठवावा, याचा ऊहापोह करण्याचे योजिले आहे.

ऐतिहासिक पूर्वपीठिका

अफूचा आपल्या किनारपट्टीशी संबंध जुना आहे. पोर्तुगीज अमदानीत, १५८३ ते १५८८ या काळात, गोव्यात राहिलेला डच प्रवासी लिन्शोटेन याने १५९६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दोन निरीक्षणे नोंदविली आहेत. ज्यास अफूची सवय जडली त्यास ती रोज घ्यावीच लागते, हे पहिले. आणि सवय झालेला मनुष्य जेवढी पचवितो तेवढी नवख्याने घेतल्यास तो मरतो, हे दुसरे. आधुनिक वैद्यक ज्यास डिपेंडन्स व टॉलरन्स म्हणते, त्या दोन्ही गोष्टी एका प्रवाशाच्या नजरेतून सुटल्या नव्हत्या.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माळव्याची अफू मुंबई आणि दमण या दोन बंदरांतून चीनकडे जात असे. वसईचा किनारा या दोहोंच्या मधलाच. अफू घराघरांत पोहोचली ती मात्र ‘बाळगोळी’च्या रूपाने. आई गिरणीत कामाला जाताना बाळ दिवसभर झोपून राहावे म्हणून ही गोळी दिली जाई. डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांनी मुंबईतील गिरणी कामगार स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा ९८ टक्के अर्भकांना अफू दिली जात असल्याचे १९२२ साली नोंदविले गेले. हेतू व्यसनाचा नव्हता, सोयीचा होता. आजही अहिफेनसात्म्याचा प्रारंभ बहुधा असाच सोयीतून होतो.

१९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात गर्दची लाट आली. वांद्रे येथे फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली सुरू केलेले कृपा फाउंडेशन आणि पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेले मुक्तांगण, या दोन संस्थांचे कार्य त्या काळात उभे राहिले. कृपा फाउंडेशनचे पुनर्वसन केंद्र आपल्या वसईतही आहे, ही स्थानिक वैद्यांनी लक्षात ठेवण्याची बाब.

द्रव्यविचार

बृहत्त्रयीत अहिफेनाचा उल्लेख नाही. शार्ङ्गधराने व्यवायी द्रव्याचे उदाहरण म्हणून भांगेबरोबर अहिफेनाचा निर्देश केला आहे. व्यवायी म्हणजे प्रथम सर्व शरीर व्यापून नंतर पचन पावणारे. भावप्रकाशात त्याचे वर्णन येते आणि रसशास्त्रात ते उपविषांत गणले जाते. शोधनार्थ आल्याच्या रसाच्या भावना सांगितल्या आहेत. शोधनाने द्रव्य औषधयोग्य होते. त्यातील मॉर्फिन नाहीसे होत नाही. ‘शुद्ध अहिफेन असल्याने सवय लागत नाही’ हा विक्रेत्यांकडून ऐकू येणारा दावा म्हणूनच सर्वथा चुकीचा आहे. खसखस हे त्याच झाडाचे बी असले तरी औषधविषयक नियमांतील विषारी द्रव्यांच्या यादीतून ते वगळलेले आहे, हेही येथेच सांगितलेले बरे.

आपल्या व्यवहारातील प्रमुख अहिफेनयुक्त कल्प असे : कामिनीविद्रावण रस, कर्पूर रस, निद्रोदय रस, वेदनांतक रस, दुग्धवटी, जातिफलाद्य वटी व अहिफेनासव. यांतील कामिनीविद्रावण रस हा व्यसनाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा होय. परदेशस्थ भारतीय चालक व मजूर यांच्यात या गोळ्यांचे सात्म्य जडल्याची रुग्णवृत्ते ऑस्ट्रेलियातील व्यसनोपचार तज्ज्ञांनी वैद्यकीय नियतकालिकांतून प्रसिद्ध केली आहेत. आपल्या शास्त्राचे नाव परदेशात अशा कारणाने गाजावे, ही चिंतेची गोष्ट आहे.

मात्रेचा हिशेब

रुग्ण ‘दिवसाला इतक्या गोळ्या’ असे सांगतो. त्यावरून चिकित्सेचा निर्णय घेता येत नाही; अहिफेनाची मात्रा काढावी लागते. कामिनीविद्रावण रसाच्या प्रचलित पाठात अकरकरा, सुंठ, लवंग, केशर, पिंपळी, जायफळ, जायपत्री व चंदन ही आठ द्रव्ये प्रत्येकी १२ ग्रॅम, हिंगूळ व गंधक प्रत्येकी ३ ग्रॅम आणि अहिफेन ४८ ग्रॅम असते. एकूण १५० ग्रॅममध्ये ४८ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश अहिफेन.

समजा, रुग्ण १२५ मिलिग्रॅमच्या २० गोळ्या रोज घेतो. एकूण औषध २.५ ग्रॅम; त्यात अहिफेन सुमारे ८०० मिलिग्रॅम. अफूत मॉर्फिनचे प्रमाण ढोबळमानाने १० टक्के धरल्यास रोज ८० मिलिग्रॅम मॉर्फिन पोटात जाते. सवय नसलेल्या व्यक्तीच्या प्राणावर बेतावी अशी ही मात्रा आहे. शिवाय त्याच २० गोळ्यांतून रोज सुमारे ५० मिलिग्रॅम हिंगूळ जाते. महिनोन्महिने असे सेवन करणाऱ्याची वृक्ककार्याची तपासणी करून घेणे अगत्याचे ठरते. निरनिराळ्या कारखान्यांच्या गोळीचे वजन व पाठ भिन्न असल्याने वेष्टनावरील घटकांचे प्रमाण वाचूनच हिशेब मांडावा.

संप्राप्ती व लक्षणे

अहिफेन ग्राही, वेदनाशामक, निद्राकर आणि वातगतीचा अवरोध करणारे आहे. सतत सेवनाने अपानाची गती मंदावून मलावष्टंभ होतो, अग्निमांद्य येते, कामेच्छा व शुक्रबल क्षीण होते. ज्या हेतूने गोळी सुरू केली तोच हेतू काही महिन्यांनी विफल होतो आणि गोळी केवळ ‘नेहमीसारखे वाटावे’ यासाठी घ्यावी लागते. सेवनकालात नेत्रांच्या बाहुल्या बारीक, चेहरा निस्तेज, मलावष्टंभ आणि दुपारची तंद्रा ही चार लक्षणे एकत्र दिसल्यास शंका घ्यावी.

सेवन थांबताच सारे उलट होते. रोधलेला वात उसळतो. तोंडावाटे अफू घेणाऱ्यात साधारणतः ८ ते १२ तासांनी जांभया, डोळ्यांतून व नाकातून पाणी, स्वेद व अस्वस्थता यांचा प्रारंभ होतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रोमांच, उदरशूल, अतिसार, छर्दी, पिंडिकोद्वेष्टन, अंगमर्द आणि अनिद्रा कळसास पोहोचतात. बाहुल्या या वेळी विस्फारलेल्या असतात. बहुतेक शारीरिक लक्षणे ७ ते १० दिवसांत ओसरतात. अनिद्रा, दौर्बल्य आणि ओढ मात्र कित्येक आठवडे टिकते.

ही त्यागलक्षणे निरोगी प्रौढात सहसा प्राणघातक नसतात. अतिसार व छर्दीने होणारा उदकक्षय मात्र दुर्लक्षित करू नये. गर्भिणीत अचानक त्याग गर्भास घातक ठरू शकतो.

प्रश्नपरीक्षा

रुग्णास दोष न देता, एकांतात व सरळ प्रश्न विचारावेत. कोणते औषध, कोणत्या कारखान्याचे, दिवसातून किती वेळा, शेवटची मात्रा केव्हा. प्रथम कशासाठी सुरू केले. न घेतल्यास किती तासांनी त्रास होतो. सोबत मद्य, झोपेच्या गोळ्या, खोकल्याचे औषध किंवा वेदनाशामक घेतले जाते का. पूर्वी सोडण्याचा प्रयत्न केला होता का व पुन्हा केव्हा सुरू झाले. शेवटच्या प्रश्नाचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

चिकित्सासूत्र

१) प्रथम निर्णय : कोणाची चिकित्सा आपण करावी?

पुढील रुग्ण विनाविलंब मानसोपचार तज्ज्ञाकडे वा रुग्णालयात पाठवावेत : गर्भिणी, श्वास, हृद्रोग वा यकृद्विकार असलेले, मद्य किंवा झोपेच्या गोळ्या सोबत घेणारे, सुईवाटे वा धुराद्वारे गर्द घेणारे, आत्मघाताचे विचार बोलून दाखविणारे, मोठी मात्रा घेणारे, आणि पूर्वी त्याग करून पुन्हा घसरलेले. यांच्यासाठी ब्युप्रेनॉर्फिन व मेथाडोन ही औषधे उपलब्ध असून ती चालू असेपर्यंत मृत्यूचा धोका लक्षणीय घटतो, हे आता निर्विवाद आहे. ‘एक व्यसन सोडवून दुसरे लावतात’ असे सांगून रुग्णास त्यापासून परावृत्त करणे अनुचित होय.

पाठविताना चिठ्ठीत अहिफेनाची दैनिक मात्रा व शेवटच्या मात्रेची वेळ अवश्य लिहावी. शरीरात अफू असताना ब्युप्रेनॉर्फिन दिल्यास त्यागलक्षणे एकाएकी व तीव्रतेने उद्भवतात. ‘आयुर्वेदिक गोळ्या घेतो’ एवढ्या मोघम माहितीवरून समोरच्या डॉक्टरांस त्यात अफू आहे हे कळणार नाही. ते सांगणारे आपणच.

२) पादांशिक क्रम

अल्प मात्रेच्या, स्थिर प्रकृतीच्या आणि घरचा आधार असलेल्या रुग्णात चरकोक्त पादांशिक क्रम हा आपला पाया होय. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात, सात्म्य झालेले अहित एकदम न सोडता अंशाअंशाने सोडावे व त्या जागी हित अंशाअंशाने आणावे, असा उपदेश आहे. पादांश म्हणजे चौथा भाग, की पादाचाही चौथा अंश म्हणजे सोळावा भाग, असे दोन अर्थ परंपरेत घेतले जातात. अहिफेनाच्या बाबतीत दुसरा अर्थ स्वीकारणे श्रेयस्कर, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. सोळावा भाग म्हणजे सव्वासहा टक्के. दीर्घकाळ अफूवर्गीय औषधे घेणाऱ्यांत आधुनिक वैद्यकही दर टप्प्यास पाच ते दहा टक्क्यांची घट सुचविते. चौथा भाग एकदम कमी केल्यास रुग्ण तिसऱ्या दिवशी दुकानाच्या पायरीवर दिसतो.

व्यवहारात असे करावे. ८ गोळ्या घेणाऱ्याची दर आठवड्यास अर्धी गोळी कमी करावी. ४ गोळ्यांवर आल्यानंतर पाव गोळी. त्रास वाढल्यास त्याच टप्प्यावर आणखी एक आठवडा थांबावे, परंतु मागे जाऊ नये. रात्रीची मात्रा सर्वांत शेवटी कमी करावी. गोळ्या एकाच औषधालयातून, एका आठवड्यापुरत्या, घरच्या जबाबदार व्यक्तीच्या हाती द्याव्यात. प्रत्येक आठवड्यास रुग्णास प्रत्यक्ष पाहावे. दोन टप्पे लागोपाठ फसल्यास हट्ट न धरता तज्ज्ञाकडे पाठवावे.

सूत्राचा उत्तरार्ध आपण विसरतो. केवळ अहित काढून भागत नाही; रिकाम्या झालेल्या जागी हित आणावयाचे असते. नियमित भोजन, निद्रेची ठरलेली वेळ, चालणे, कामाच्या पाळ्यांत शक्य तो बदल, आणि ज्या मूळ तक्रारीसाठी गोळी सुरू झाली तिची चिकित्सा, हे सर्व त्यात येते. कटिशूलासाठी गोळी घेणाऱ्याचा कटिशूल तसाच राहिला तर त्याग टिकणार नाही.

३) लाक्षणिक चिकित्सा

वातशमन हे सूत्र. अभ्यंग, उष्णोदक स्नान, पादाभ्यंग आणि शक्य तेथे शिरोधारा यांनी अंगमर्द व अनिद्रा यांत उपशय मिळतो. जटामांसी, अश्वगंधा, ब्राह्मी व शंखपुष्पी यांची योजना प्रकृतीनुसार करावी. अतिसारात बिल्व, मुस्ता, कुटज. सोबत लाजमंड, डाळिंबाचा रस, मीठ-साखरेचे पाणी. मदात्ययात उक्त खर्जूरादि मंथ बल्य व तृष्णाहर म्हणून येथेही उपयोगी पडतो. ही द्रव्ये त्रास सुसह्य करतात. ती ओढ नष्ट करतात असा दावा रुग्णापाशी करू नये.

४) काय टाळावे

त्यागकालीन अतिसारात कर्पूर रस वा जातिफलाद्य वटी, अनिद्रेत निद्रोदय रस आणि अंगमर्दात वेदनांतक रस ही नावे लेखणीवर सहज येतात. या चारही कल्पांत अहिफेन आहे. रुग्णास लगेच बरे वाटते, वैद्यास यश आल्यासारखे वाटते, आणि प्रत्यक्षात अफूच निराळ्या नावाने चालू राहते. भांगयुक्त कल्पांचा पर्याय म्हणून वापरही वर्ज्य. आसव-अरिष्टांत स्वयंजनित मद्य असल्याने, विशेषतः मद्याची सवय असलेल्यांत, त्याऐवजी क्वाथ वा चूर्ण द्यावे. नाल्ट्रेक्सोन घेणाऱ्या रुग्णास अहिफेनयुक्त कोणताही कल्प देऊ नये.

ध्वंसक व विक्षय : पुनःसेवनाचा धोका

मदात्यय चिकित्सेत, चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात, चरकाने ध्वंसक व विक्षय असे दोन विकार सांगितले आहेत. मद्य सोडलेला मनुष्य सहसा पुन्हा अतिमात्रेत पिऊ लागला की ते उद्भवतात आणि ते कष्टसाध्य मानले आहेत. संदर्भ मद्याचा असला तरी तत्त्व अहिफेनास अधिकच कठोरपणे लागू पडते. काही आठवडे त्याग केल्यावर सात्म्य उतरते, ओढ मात्र शिल्लक असते. रुग्ण जुन्या सवयीने जुनीच मात्रा घेतो. काल जी मात्रा तो पचवीत होता तीच आज त्याचा श्वास थांबविते. लिन्शोटेनने नवख्याविषयी जे लिहिले तेच येथे घडते, कारण त्यागानंतर जुना सेवकही नवखाच होतो.

म्हणून व्यसनमुक्ती केंद्रातून परतलेला, कारागृहातून सुटलेला वा आजारपणात गोळ्या बंद झालेला रुग्ण हा सर्वाधिक जोखमीचा. त्याग पूर्ण झाल्याच्या दिवशीच रुग्णास व कुटुंबीयांस हे स्पष्ट शब्दांत सांगावे. गाढ बेशुद्धी, टाचणीच्या टोकासारख्या बाहुल्या, मंद किंवा घरघरता श्वास व निळसर ओठ ही अतिमात्रेची लक्षणे होत. अशा वेळी घरगुती उपाय, वमन वा झोपू देणे यांत क्षणही न दवडता रुग्णास कुशीवर वळवून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. नॅलोक्सोन हा त्यावरील प्रतिविष असून तो रुग्णालयात मिळतो.

कायदा व औषधविक्रेते

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ‘ई-१’ मध्ये अहिफेनाचा समावेश असून अशा द्रव्यांच्या पोटात घ्यावयाच्या औषधांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना छापणे नियम १६१ नुसार बंधनकारक आहे. अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्यात ०.२ टक्क्यांहून अधिक मॉर्फिन असलेले कल्प अफूजन्य पदार्थांच्या व्याख्येत येतात. वरील हिशेबाने कामिनीविद्रावण रसातील प्रमाण सुमारे ३ टक्के भरते. आयुर्वेदीय औषधांच्या किरकोळ विक्रीस औषध कायद्याखाली स्वतंत्र परवाना लागत नाही, यावर विसंबून असे कल्प मुक्तपणे विकणे धोक्याचे आहे. साठा करण्यापूर्वी अन्न व औषध प्रशासनाचे लेखी मार्गदर्शन घ्यावे.

औषधालय चालकांसाठी काही सूचना : चिठ्ठीशिवाय अहिफेनयुक्त कल्प देऊ नये. चिठ्ठीवर दिनांक, मात्रा व दिवस स्पष्ट असावेत. वहीत दिनांक, वैद्याचे नाव व दिलेल्या गोळ्या नोंदवाव्यात. तोच ग्राहक मुदतीआधी परत येणे, एकाच वेळी अनेक डब्या मागणे, अनुपान-पथ्याविषयी काहीच न विचारणे, नकार मिळताच अस्वस्थ होणे, या खुणा ओळखाव्यात. नकार देतानाच ‘अमुक वैद्यांना भेटा’ असा मार्ग दाखवावा. नुसत्या नकाराने ग्राहक पुढच्या दुकानात जातो.

रुग्णाच्या मनातील पोलिसांची भीतीही दूर करावी. उपरोक्त कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने शासकीय वा मान्यताप्राप्त संस्थेत स्वेच्छेने उपचार घेतल्यास तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय साहाय्य क्रमांक १४४४६ आहे. तो औषधालयात दर्शनी भागी लावावा.

उपसंहार

अहिफेन हे आपल्या हातात शतकानुशतके असलेले प्रभावी औषध आहे आणि योग्य मात्रेत, अल्पकाळ, योग्य रुग्णात त्याचे स्थान अबाधित आहे. त्याचे सात्म्य जडलेल्या रुग्णास प्रथम भेटणारा मनुष्य बहुधा वैद्य किंवा औषधविक्रेता असतो. त्याने मात्रा मोजावी, अंशाअंशाने त्याग करवावा, अफू निराळ्या नावाने देऊ नये, मर्यादा ओळखून रुग्ण वेळीच पाठवावा आणि त्यागानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत त्याच्यावर विशेष लक्ष ठेवावे. आपल्या भागातील वैद्यबंधू-भगिनींनी व औषधालय चालकांनी आजच आपापल्या कपाटातील अहिफेनयुक्त कल्पांची यादी करून ती दर्शनी लावली, तर या कार्याचा आरंभ झाला असे म्हणता येईल.